‘पर्यंत’साठी इंग्रजीत ‘अनटिल’ केव्हा वापरावे?

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या फाउंड्रीने परदेशी ग्राहकाला ‘वुई विल डिस्पॅच द कास्टिंग्ज अनटिल सॅटरडे’ असे कळवले, तर लिहिणाऱ्याच्या मनात ‘शनिवारपर्यंत माल पाठवतो’ हे निर्दोष मराठी वाक्य असते. वाचणाऱ्याला मात्र शनिवार येईतो माल पाठवणे चालू राहील आणि मग थांबेल, असे वाटते. आपल्या एका ‘पर्यंत’ची कामे इंग्रजीने ‘अनटिल’ आणि ‘बाय’ या दोन शब्दांत वाटून दिली आहेत आणि येथे ‘बाय सॅटरडे’ हवे होते.

निवड क्रियापदावरून करावी. ‘बिंदू चौकात पाच वाजेपर्यंत थांबतो’ यातील थांबणे पाचाच्या ठोक्यापर्यंत अखंड चालते, म्हणून ‘अनटिल’; ‘पाच वाजेपर्यंत पोहोचतो’ यातील पोहोचणे त्याआधी केव्हाही एकदाच घडते, म्हणून ‘बाय’. शंका आल्यास ‘पर्यंत’च्या जागी ‘च्या आत’ घालून पाहावे आणि अर्थ टिकला तर ‘बाय’ लिहावे. (‘शनिवारच्या आत’मध्ये शनिवार धरायचा की नाही, हा वाद आपल्याकडेही मिटलेला नाही, व्यवहाराच्या पत्रात ‘शनिवार धरून’ अशा अर्थाने ‘इन्क्लुडिंग सॅटरडे’ जोडलेले बरे.)

वाक्य नकारार्थी असेल, तर एकदाच घडणाऱ्या क्रियेलाही ‘अनटिल’ चालते. ‘द पेमेंट वोन्ट कम अनटिल मंडे’ म्हणजे पैसे सोमवारशिवाय मिळणार नाहीत.

सर्वांत चिवट चूक मात्र आपल्या ‘जोपर्यंत… नाही, तोपर्यंत’ या रचनेतून येते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पुराच्या दिवसांत ‘जोपर्यंत पाणी ३९ फुटांखाली उतरत नाही, तोपर्यंत रस्ता बंद राहील’ असे आपण सहज म्हणतो. हा ‘नाही’ मराठीत शोभतो, पण ‘अनटिल’मध्ये त्याचे काम आधीच झालेले असल्यामुळे ‘अनटिल द वॉटर डज नॉट फॉल’ असे न लिहिता ‘अनटिल द वॉटर फॉल्स’ एवढेच लिहावे. पाणी पुढे केव्हातरी उतरणार असले, तरी ‘विल फॉल’ही नको, भविष्यकाळ ‘द रोड विल रिमेन क्लोज्ड’ या मुख्य वाक्यात येऊन जातो.

अंतर आणि रक्कम यांसाठी हा शब्द टाळावा. रंकाळ्यापर्यंत चालत जाणे ‘ॲज फार ॲज रंकाळा’ आणि पन्नास हजारांपर्यंतचे कर्ज ‘अप टू फिफ्टी थाउजंड’.

‘टिल’ हा ‘अनटिल’चा संक्षेप समजून काही जण त्याच्या आधी वरचे स्वल्पविरामचिन्ह देतात, वास्तविक ‘टिल’ हाच अधिक जुना शब्द आहे, आणि त्याच्या शेवटी ‘एल’ दोनदा येतो, तर ‘अनटिल’च्या शेवटी एकदाच.