२२४ वर गोळा रंगवून मी मोकळा झालो होतो

धातू-आम्लाची गणितं आपल्याला येतात, असं मी ड्रॉप (प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी एक वर्ष थांबणं) घेईपर्यंत समजत होतो. मोल (पदार्थाचं प्रमाण मोजायचं एकक) काढा, समीकरणातलं प्रमाण लावा, २२.४ ने गुणा, म्हणजे एक मोल वायू शून्य अंशाला, १ ॲटमॉस्फिअर दाबाला जेवढे लिटर व्यापतो त्याने. क्लासच्या सरांनी हे चौकटीत लिहून दिलं होतं, आणि चौकटीतलं कोण तपासतं!

मग सराव परीक्षेत हे आलं: ०.२४ ग्रॅम मॅग्नेशियम, भरपूर हायड्रोक्लोरिक आम्ल, हायड्रोजन पाण्यावर गोळा केला. तापमान २७ अंश सेल्सिअस, हवेचा दाब ७५० मिमी, पाण्याचा बाष्पदाब २७ मिमी. आकारमान किती? पर्याय: २२४, २४६, २५०, २५९ मिली.

यातला एकही चुकीचा आकडा उगाच टाकलेला नाही. मोल ०.०१, इथपर्यंत सगळेच पोचतात. २२४ म्हणजे शून्य अंशाला, १ ॲटमॉस्फिअर दाबाला. तापमान ३०० केल्विन घेतलं पण दाब १ च ठेवला, की २४६. दाब ७५० घेतला आणि वाफ विसरलात, की २५०. उपड्या नळीत एकटा हायड्रोजन नसतोच हो! पाण्याची वाफही असते. आतली आणि बाहेरची पाण्याची पातळी सारखी केली, की दोघं मिळून ७५० चा दाब पेलतात. त्यात हायड्रोजनचा वाटा ७२३. त्याला ७६० ने भागलं की ०.९५१ ॲटमॉस्फिअर, मग मोल गुणिले वायू स्थिरांक गुणिले तापमान, भागिले दाब: ०.०१ × ०.०८२१ × ३०० भागिले ०.९५१, म्हणजे २५९ मिली. पुढच्या पेपरात मी वाफेचा दाब वजा करायच्या ऐवजी मिळवला. तेव्हा लाज वाटून घेऊ नका, हे दोनदा चुकल्याशिवाय बसत नाही.

काही ठिकाणी २२.४ ऐवजी २२.७ दिसतं, तो घोळ वेगळा: शून्य अंशाला दाब १ बार धरला तर एका मोलचे २२.७ लिटर, १ ॲटमॉस्फिअर धरला तर २२.४. प्रश्नात काय दिलंय ते वाचा, भांडू नका.

प्रॅक्टिकलला मॅग्नेशियमची फीत आधी पॉलिश पेपरने घासा. वरचा पांढरट थर वजनात येतो, पण आम्लात हायड्रोजन देत नाही. मला हे लॅबमधल्या मामांनी सांगितलं, सरांनी नाही.

आता त्याच प्रश्नात ०.१८ ग्रॅम ॲल्युमिनियम घेऊन बघा. उत्तर पुन्हा २५९ यायला हवं. १७३ आलं, तर ॲल्युमिनियमच्या एका मोलला दीड मोल हायड्रोजन सुटतो हे तुम्ही गिळलंत.