सायकॉलॉजिकल थ्रिलर लिहिताना खोटी आठवण कशी रचावी

सायकॉलॉजिकल थ्रिलर लिहायला बसलं की बहुतेक जण आधी खून ठरवतात. माझा आग्रह उलटा आहे. आधी असं माणूस शोधा, जे एक गोष्ट स्वतःपासूनच लपवतंय.

समजा, पुण्यात नारायण पेठेतल्या वाड्यात राहणारी मीरा. जुलैतल्या एका रात्री तिचा धाकटा भाऊ नाहीसा झाला. "मी डेक्कनहून भिडे पुलावरून चालत घरी आले," असं ती सांगते, आणि तिला ते मनापासून खरं वाटतं.

आता वहीचं पान उभं दुमडा. डावीकडे त्या रात्री खरंच काय घडलं ते तासातासाने लिहा, उजवीकडे मीराला काय आठवतं ते. कादंबरी उजव्या बाजूने सांगायची, मात्र प्रत्येक प्रकरणात डावीकडचा एखादा तपशील झिरपू द्यायचा. खडकवासला धरणातून जास्त पाणी सोडलं की नदीवरचा भिडे पूल पाण्याखाली जातो, आणि त्या रात्री तो गेलेलाच होता. म्हणून 40व्या पानाच्या आसपास शेजारच्या काकू सहज म्हणतील, "त्या रात्री आमचे हे लकडी पुलावरून वळसा घालून आले गं, केवढा उशीर झाला!" त्यावर कुणीही काही बोलायचं नाही. लगेच विषय बदला.

पुढचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: ही आठवण आली कुठून? 1974 मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या धडकल्या तेव्हा वेग किती होता. काहींना, चक्काचूर झाल्या तेव्हा किती होता. दुसऱ्या गटाने वेग जास्त सांगितला. आठवड्यानंतर पहिल्या गटापेक्षा त्यांच्यातल्या अधिक जणांना फुटलेल्या काचाही आठवल्या, ज्या फिल्ममध्ये नव्हत्याच. म्हणजे प्रश्नच आठवण पेरतो. मग मीराला पहिल्यांदा कुणी विचारलं, "पुलावरूनच आलीस ना गं?" आईने. इथे आईला काय ठाऊक आहे हे ठरवलंत, की कथानक आपोआप उभं राहतं.

बाकीच्या पात्रांपैकी प्रत्येकाचं ती आठवण टिकण्यात किंवा मोडण्यात काहीतरी अडकलेलं असावं. ज्याचं नाही, त्याला काढून टाका.

शेवटी एखाद्या मानसिक आजाराचं नाव घेऊन कोडं सोडवू नका. ती पळवाट आहे, आणि त्या आजारासोबत जगणाऱ्या माणसांवर अन्यायही.

खर्डा दोघांना वाचायला द्या: एक पेठेतला, एक पुण्याबाहेरचा. पेठेतल्याने पूल लगेच पकडला, तर मीराच्या तोंडून पुलाचा उल्लेख एकदाच, घाईत येऊ द्या. बाहेरच्याला शेवटपर्यंत उलगडला नाही, तर काकूंना आणखी एक वाक्य द्या.