झाडाच्या नावापुढे ‘एल.’ दिसलं की मूळ नमुना कसा शोधायचा

तुळशीचं शास्त्रीय नाव ओसिमम सँक्टम की ओसिमम टेन्युइफ्लोरम, हा वाद झाडांच्या ग्रुपवर परत परत निघतो. दोन्ही नावांपुढे ‘एल.’ आहे म्हणजे दोन्ही झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनेच दिलीत, टेन्युइफ्लोरम १७५३ ला आणि सँक्टम १७६७ ला, आणि नियम असा की आधीचं नाव टिकतं. बस, एवढंच. म्हणून म्हणते, भांडायच्या आधी नाव कुठून आलं ते बघायची सवय लावा, घरबसल्या आणि फुकट होतं.

आधी क्यू गार्डनच्या ‘प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’वर नाव टाका आणि पुढची अक्षरं नीट वाचा. नुसतं एल. असेल तर नाव जसंच्या तसं लिनियसचं. एल. कंसात असेल तर त्याने झाड वेगळ्या जीनसमध्ये, म्हणजे नावातला पहिला शब्द ज्याचा असतो त्या गटात, ठेवलं होतं, नंतर कुणीतरी हलवलं. कढीपत्ता घ्या, आपण मुराया कोनिगाय शिकलो, त्यात कंसात एल. आणि पुढे स्प्रेंग (हलवणाऱ्या श्प्रेंगेलचं नाव) असतं, कारण लिनियसचं मूळ नाव बर्गेरा कोनिगाय होतं (आता बरेच जण परत बर्गेराच लिहितात). हा कोनिग म्हणजे लिनियसचा विद्यार्थी, तामिळनाडूच्या किनाऱ्यावर त्रांकेबारला डॅनिश वसाहतीत डॉक्टर म्हणून आलेला.

आता लंडनला जायचं, म्हणजे लिनियन सोसायटीच्या ऑनलाइन कलेक्शनमध्ये, लिनियसची वाळवलेली झाडं तिथे आहेत. लिनियस स्वीडनचा असून त्याची झाडं लंडनला कशी, तर १७७८ ला तो वारला, मग मुलगाही गेला, आणि १७८४ ला लिनियसच्या बायकोने सगळा संग्रह जेम्स एडवर्ड स्मिथ नावाच्या चोवीस वर्षांच्या मेडिकलच्या पोराला विकला. त्याच स्मिथने १७८८ ला निसर्गाच्या सगळ्या शाखांच्या अभ्यासासाठी ही सोसायटी काढली, आणि तो गेल्यावर सोसायटीने कर्ज काढून संग्रह विकत घेतला. कर्ज काढून वाळलेली झाडं घेणारी माणसं, मला तर या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं.

कलेक्शनमध्ये नाव टाकलं की शीटचा, म्हणजे झाड चिकटवलेल्या कागदाचा, फोटो उघडतो, झूम करा. इथे घाई करू नका, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. शीट लिनियसच्या संग्रहातली आहे म्हणजे तीच टाइप (ज्यावर नाव बांधलेलं असतं तो मूळ नमुना) असं अजिबात नाही, बऱ्याच शीट १७५३ नंतर त्याच्याकडे आल्यात. खाली शाईने लिहिलेलं बघा. नावाच्या आधी आकडा असेल आणि तो स्पीशीज प्लँटारम या लिनियसच्या १७५३ च्या पुस्तकातल्या त्या जातीच्या क्रमांकाशी जुळत असेल, तर पुस्तक लिहिताना ती शीट त्याच्याकडे होती असं मानायला चांगला आधार मिळतो. अक्षरंही एकाच माणसाची नाहीत, स्मिथनेही बऱ्याच शीटवर लिहून ठेवलंय. झाड कुठे मिळालं ते मात्र बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं.

शेवटचा निकाल लंडनच्याच नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या लिनियन टायपिफिकेशन प्रोजेक्टमध्ये बघायचा. लिनियसच्या नावांचे टाइप तिथे एकेक करून नोंदवलेत, शीटच्या नंबरासकट.

आणि कधीकधी टाइप शीट नसतेच, चित्र असतं. लिनियस भारतात कधी आलाच नाही, त्यामुळे आपल्याकडच्या कितीतरी झाडांसाठी तो होर्टस मलबारिकसवर अवलंबून होता, म्हणजे कोचीनचा डच गव्हर्नर व्हॅन रीडने करून घेतलेले बारा खंड, १६७८ ते १६९३ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला छापलेले. कळलावीच्या नोंदीत लिनियसने रीडच्या सातव्या खंडातल्या ‘मेंदोन्नी’चा हवाला दिलाय. हे खंड बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर फुकट आहेत, प्लेट नंबरवरून सरळ चित्रावर जाता येतं.

उघडलेच तर पहिला खंडही चाळा. त्यात रंगा भट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोकणी वैद्यांचं १६७५ चं पत्र आहे, झाडांची माहिती आम्ही दिली असं सांगणारं, कोकणीत आणि चक्क देवनागरीत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कितीतरी वेळ त्या पानावरून हललेच नव्हते. अक्षरं जुन्या वळणाची आहेत, मोठं करून सावकाश लावा, लागतात.