काउंटीतल्या किशोरवयीन मातांचा आकडा कसा वाचायचा

माझी नात न्यू जर्सीत, एडिसनला शाळेत जाते. आरोग्याच्या तासासाठी तिला आमच्या मिडलसेक्स काउंटीचा, म्हणजे इथल्या जिल्ह्याचा, 'टीन बर्थ रेट' (किशोरवयीन मातांचा जन्मदर) काढून आलेख करायचा होता. ती कुठून तरी एक पत्रक घेऊन आली. त्यावर एवढे टक्के वाढ झाली, असं मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं. मी सगळं पत्रक वाचलं. टक्के होते, पण मुळात बाळं किती जन्मली ते कुठेच नव्हतं.

मी साताऱ्याकडे आरोग्य खात्यात आकडे जुळवण्याचं काम केलं. जन्माच्या नोंदवह्यांमधून सोळा-सतरा वर्षांच्या आयांची नावं माझ्या हाताखालून गेली आहेत. त्यामुळे हा आकडा घाईने वाचलेला मला सोसत नाही. आम्ही दोघींनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तो कसा काढला, ते सांगते. तुमची काउंटी दुसरी असली तरी रीत तीच.

आधी व्याख्या वहीत लिहून घ्या. १५ ते १९ वयाच्या दर हजार मुलींमागे वर्षभरात झालेले जिवंत जन्म म्हणजे हा दर. गर्भपात यात येत नाहीत, त्यामुळे हा गरोदरपणाचा दर नव्हे. चौदा वर्षांची किंवा त्याहून लहान आई इथे मोजलीच जात नाही, तिचा आकडा वेगळा असतो. आणि 'एकूण जन्मांपैकी किती टक्के किशोरवयीन आयांचे' ही तिसरीच गोष्ट. तिशीतल्या बायकांची बाळंतपणं कमी झाली की मुलींमध्ये काहीही बदल न होता तो टक्का चढतो.

मग सीडीसीचं, म्हणजे अमेरिकी सरकारच्या आरोग्य संस्थेचं, 'वंडर' हे संकेतस्थळ उघडा आणि 'नेटॅलिटी' (जन्मांची आकडेवारी) निवडा. वापराच्या अटी मान्य केल्या की राज्य, काउंटी, वर्ष आणि आईचं वय निवडता येतं. एक लाखाहून कमी वस्तीच्या काउंट्या तिथे स्वतंत्र दिसत नाहीत, एकत्र टाकलेल्या असतात. २०२०च्या जनगणनेत मिडलसेक्सची वस्ती ८ लाख ६३ हजारांवर होती, त्यामुळे आम्हाला ती अडचण आली नाही. न्यू जर्सीच्या आरोग्य खात्याची स्वतःची आकडेवारीही आहे, तीही पाहा.

नातीने इथे चांगला प्रश्न विचारला. "आजी, न्यू ब्रन्सविकच्या हॉस्पिटलात शेजारच्या काउंटीतल्या मुलीही येतात. त्यांची बाळं आपल्यात धरायची?" नाही. या तक्त्यात जन्म आईच्या राहत्या काउंटीत मोजतात. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं आणि नोंद जिथे जन्म झाला तिथली. म्हणून गावच्या वहीवरून दर काढताना आम्ही माहेरवाशिणी वेगळ्या करायचो. इथे ते काम आधीच झालेलं असतं, पण 'रेसिडेन्स' हा शब्द तक्त्यावर आहे ना, ते तपासा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: छेद, म्हणजे ज्या संख्येने भागायचं ती. दर हजार म्हणजे कोणते हजार? आमच्या काउंटीत रटगर्स विद्यापीठ आहे. वसतिगृहातल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुली जनगणनेत इथल्याच धरल्या जातात. समजा, काउंटीत १५ ते १९ वयाच्या २०,००० मुली आहेत आणि २०० जन्म झाले, तर दर १० येतो. त्यातल्या ४,००० बाहेरून शिकायला आलेल्या असतील, आणि ते सगळे जन्म स्थानिक मुलींचे असतील, तर त्या मुलींचा खरा दर १२.५ होतो. म्हणून १५-१७ आणि १८-१९ असे दोन गट वेगळे काढा. २०२२ साली अमेरिकेत देशभरात पहिल्या गटाचा दर ५.६ होता आणि दुसऱ्याचा २५.८. सतरा वर्षांची शाळकरी मुलगी आणि एकोणीस वर्षांची, कदाचित लग्न झालेली आई, या दोघींच्या गरजा एक नसतात. माझ्या मते शाळेने पहिला आकडाच भिंतीवर लावावा.

वाढ-घट पाहताना जन्मांच्या संख्येचं वर्गमूळ काढा. १०० जन्म असतील तर वर्गमूळ १०, त्याची दुप्पट २०. तेवढा हेलकावा नुसत्या योगायोगानेही होतो. १०० चे ११५ झाले म्हणून ओरडू नका. तीन-तीन वर्षं एकत्र करून मग तुलना करा. दहापेक्षा कमी जन्म असतील तर 'वंडर' तो आकडा झाकून ठेवतं. नातीला वाटलं, बेरजा-वजाबाक्या करून तो शोधता येईल. मी तिला थांबवलं. त्या आकड्यामागची मुलगी तिच्या बसमधली असू शकते.

आलेखात अख्ख्या अमेरिकेची रेघही काढा, म्हणजे आपली रेघ कशाच्या जवळून जाते ते दिसतं. देशाचा दर १९९१ मध्ये ६१.८ होता, २००७ मध्ये ४१.५ आणि २०२२ मध्ये १३.६. ही घट मोठी आहे. गर्भनिरोधकं जास्त आणि नीट वापरली जाऊ लागली, हे त्याचं एक मोठं कारण. पण काउंटीची सरासरी एडिसन, न्यू ब्रन्सविक आणि पर्थ अँबॉय या काउंटीतल्या वेगवेगळ्या गावांना एकाच रंगात रंगवते. गावनिहाय आकडे मिळाले तर पाच वर्षांचे एकत्र घ्या.

भारताशी तुलना करायचा मोह आपल्या मंडळींना होतोच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्राचा आकडा ७.६ टक्के आहे, पण तो पाहणीच्या वेळी आई झालेल्या किंवा गरोदर असलेल्या १५-१९च्या मुलींचा आहे, एका वर्षातल्या जन्मांचा नव्हे. तुलना हवीच असेल तर त्याच सर्वेक्षणातला भारताचा, १५-१९च्या दर हजार मुलींमागे ४३ जन्म, हा आकडा घ्या.

शेवटी आलेखाखाली चार गोष्टी लिहा: वयोगट, कोणती वर्षं एकत्र केली, राहत्या काउंटीनुसार की जन्मस्थळानुसार, आणि आकडा कोणत्या तारखेला उतरवला. लोकसंख्येचे अंदाज मागाहून सुधारले जातात, त्यामुळे तारीख लागतेच. नातीने जुन्या पत्रकातलं शीर्षक खोडून नवं लिहिलं: 'मिडलसेक्समध्ये राहणाऱ्या १५ ते १७ वर्षांच्या मुली, दर हजारी जन्म'.