ह्यूगेनॉट पूर्वज शोधताना थेट फ्रान्स गाठू नका

अमेरिकेतल्या एखाद्या घराण्याचं मूळ ह्यूगेनॉट (म्हणजे फ्रान्समधले प्रोटेस्टंट ख्रिस्ती) असावं असं वाटत असेल, तर सुरुवात अमेरिकेतल्या वस्तीपासूनच करा. न्यू पाल्ट्झ, न्यू रोशेल, चार्ल्सटन की व्हर्जिनियातलं मॅनाकिन? मृत्युपत्रं आणि जमिनीच्या नोंदींवरून हे आधी पक्कं करा, मग एकेक पिढी मागे जा.

१६८५ मध्ये फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईने प्रोटेस्टंटांना धर्मपालनाची मोकळीक देणारा नांतचा जाहीरनामा रद्द केला, तेव्हा पळालेली अनेक कुटुंबं आधी इंग्लंड, हॉलंड किंवा जर्मन मुलखात थांबली. हा मधला मुक्काम लोक हमखास विसरतात. लंडनच्या थ्रेडनीडल स्ट्रीटवरच्या फ्रेंच चर्चमधल्या बाप्तिस्मा-लग्नांच्या नोंदी छापलेल्या आहेत, त्या बघाच. न्यूयॉर्ककडच्या घराण्यांसाठी डच रिफॉर्म्ड चर्चची दप्तरंही चाळा.

स्पेलिंगला चिकटून बसू नका. अमेरिकन स्वातंत्र्यलढ्यातला प्रसिद्ध पॉल रिव्हियर, त्याचे वडील जन्मले तेव्हा अपोलोस रिव्ह्वार होते! उलट, नुसत्या फ्रेंच आडनावावरही भिस्त ठेवू नका. ते घराणं कॅथलिकही असू शकतं. बाप्तिस्म्याच्या साक्षीदारांची नावं मात्र जरूर उतरवून घ्या. मावश्या, मेहुणे आणि मूळ गावची माणसं बरेचदा तिथेच सापडतात.