अंडाशयासाठी अँटिऑक्सिडंट घेताय? आधी या चुका टाळा

दिवस राहावेत म्हणून प्रयत्न करणाऱ्या अनेक बायकांकडे हल्ली गोळ्यांच्या तीन-चार बाटल्या असतात. व्हिटॅमिन ई, को-क्यू-टेन, एनएसी. ही सगळी अँटिऑक्सिडंट. एखादी डॉक्टरांनी दिलेली, बाकीच्या कुणीतरी सुचवलेल्या.

यातली सगळ्यात मोठी चूक म्हणजे फ्री रॅडिकलना, म्हणजे अँटिऑक्सिडंट ज्यांना निकामी करतात त्या शरीरातल्या रेणूंना, नुसतं विष समजणं. ते अती झाले तर अंड्याला अपाय करतात, हे खरंच. पण अंडाशयाला ते थोडे लागतातही. अंडं फुटायच्या आधी एलएच हार्मोन वाढतं, तेव्हा फॉलिकल, म्हणजे अंडं जिच्यात वाढतं ती अंडाशयातली छोटी पिशवी, स्वतःच हे रेणू तयार करतं आणि त्यांच्यामुळे पुढची कामं सुरू होतात. इस्राएलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी उंदरांच्या अंडाशयाभोवती अँटिऑक्सिडंट सोडून पाहिले, तेव्हा बाहेर पडणारी अंडी कमी झाली. हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. उंदरावरून माणसाचं गणित थेट मांडता येत नाही, आणि रोजच्या आवळ्याला घाबरायचंही कारण नाही. पण ‘जितकं जास्त तितकं चांगलं’ हा हिशेब इथे चालत नाही.

दुसरी चूक, पेशी मरणं म्हणजे आजार असं मानणं. जन्मतः मुलीच्या अंडाशयांत साधारण १० ते २० लाख अंडी असतात, वयात येताना ३ ते ४ लाख उरतात आणि आयुष्यभरात फुटतात जेमतेम ४००. बाकीच्या फॉलिकलमधल्या अंड्याभोवतीच्या ग्रॅन्युलोसा पेशी ठरल्या क्रमाने मरतात आणि फॉलिकल विरून जातं. प्रयोगशाळेत अँटिऑक्सिडंट देऊन हे मरण रोखता आलं आहे, पण ते काचेच्या बशीत. ‘अंड्यांचा साठा वाढवा’ असं छापलेल्या बाटलीवर विश्वास ठेवू नका. गोळीने नवी अंडी तयार होत नाहीत.

जावेला पीसीओएस या अंडाशयाच्या हार्मोनच्या विकारासाठी दिलेली गोळी आपण घेणं हेही चुकीचंच. पीसीओएसमध्ये फॉलिकलच्या बाहेरच्या थरातल्या थिका पेशी वाढलेल्या असतात आणि जास्त अँड्रोजन, म्हणजे पुरुषी हार्मोन, बनवतात. उंदरांच्या थिका पेशींची वाढ अँटिऑक्सिडंटनी मंदावलेली दिसली आहे. म्हणजे एकच औषध एका पेशीला जगवतं, दुसरीची वाढ अडवतं. ज्यांचा साठा कमी आहे त्यांचा प्रश्न अगदी वेगळा.

व्हिटॅमिन ए मनाने घेऊ नका, गरोदरपणात त्याचा जास्त डोस बाळाला घातक असतो. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर व्हिटॅमिन ईबद्दल आधी विचारा. कीमोथेरपी चालू असेल तर कुठलीच गोळी परस्पर नको.

आणि तीन महिन्यांत काही घडलं नाही, तर डोस दुप्पट करू नका. फॉलिकलच्या शेवटच्या वाढीलाच सुमारे तीन महिने लागतात. त्यापेक्षा थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन हार्मोन तपासा, अंडं फुटतंय का ते सोनोग्राफीत पाहा आणि नवऱ्याची वीर्यतपासणी करा. ही शेवटची तपासणी सगळ्यात सोपी, तरी तीच मागे राहते आणि बायको मात्र महिनोन्महिने गोळ्या घेत बसते, याचं मला फार वाईट वाटतं. वय ३५च्या पुढे असेल तर सहा महिन्यांपेक्षा जास्त थांबू नका.