पॉइंट टू-टू पिस्तूल ऐन सिरीजमध्ये अडकतंय? या चुका टाळा

पॉइंट टू-टू (०.२२ इंची) पिस्तुलाने खेळल्या जाणाऱ्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात, रॅपिड म्हणजे वेगवान टप्प्यात, ३ सेकंद मारायला मिळतात, मग ७ सेकंद थांबायचं. त्या ३ सेकंदांत हात खालून वर आणून एकच गोळी मारायची; अशा पाच गोळ्यांची एक सिरीज. तिसऱ्या गोळीला नुसतं ‘टक्’ झालं किंवा रिकामी पुंगळी स्लाइडच्या (पिस्तुलाच्या मागेपुढे सरकणाऱ्या भागाच्या) तोंडात उभी अडकली, तर पुढचं सगळं नेमबाजाच्या मोकळ्या हातावर अवलंबून असतं.

नवख्याचा तो हात थेट स्लाइडवर जातो. स्लाइड ओढली, काडतूस खाली पडलं, पुढच्या गोळीची तयारी झाली. सरावात रोज हेच केलेलं असतं, त्यामुळे स्पर्धेतही हात आपोआप तिकडेच वळतो. सर्वांत महाग पडणारी चूक हीच. नियमांत अडथळ्याचे दोन प्रकार आहेत, ग्राह्य आणि अग्राह्य. काडतूस पेटलं नाही, पुंगळी बाहेर आली नाही, फायरिंग पिन (काडतुसावर आपटणारी पिन) तुटली, हे ग्राह्य धरलं जातं आणि राहिलेल्या गोळ्या मारण्याची संधी मिळते. पण रेंज ऑफिसरने पिस्तूल पाहण्याआधी तुम्ही त्याला हात लावलात, तर तोच बिघाड अग्राह्य ठरतो आणि न मारलेल्या गोळ्यांना शून्य लागतं. तिसऱ्या गोळीला हे झालं तर तीन गोळ्या गेल्या, म्हणजे ३० गुण. ६०० पैकी ५८० च्या आसपास जिथे अंतिम फेरीची चुरस असते, तिथे ३० गुण गेल्यावर दिवस संपलाच.

म्हणून पिस्तूल अडकलं की पकड सोडायची नाही, नळी टार्गेटच्या दिशेलाच ठेवायची आणि मोकळा हात वर करायचा. एवढंच. सरावातही प्रत्येक वेळी असंच करा, कोचला येऊन पाहू द्या. ही सवय सरावात लागली नाही, तर स्पर्धेत आठवणार नाही.

सेफ्टी काढायची राहून जाणं, मॅगझिन नीट न बसणं, चार गोळ्या भरून पाचवीची वाट पाहणं, आधीच्या गोळीनंतर ट्रिगर पूर्ण पुढे न सोडणं, हेही सगळं अग्राह्य. शेवटची गोष्ट तर घाईत फार होते, आणि नेमबाज मनापासून समजत असतो की पिस्तुलानेच दगा दिला.

आता पिस्तुलाकडे वळू. ही पिस्तुलं ब्लोबॅक पद्धतीची असतात, म्हणजे बोल्ट (काडतुसामागचा सरकता भाग) कशातही लॉक होत नाही; त्याचं वजन आणि मागची स्प्रिंग एवढ्यावरच तो बंद राहतो. गोळी ४० ग्रेनची, जेमतेम २.६ ग्रॅम. स्पर्धेच्या काडतुसात तिचा वेग मुद्दाम ध्वनीच्या वेगाखाली ठेवलेला असतो. तिच्या धक्क्यातून उरलेल्या जोरावर बोल्टने मागे जायचं, पुंगळी काढून फेकायची, नवीन काडतूस आत ढकलायचं. जोर एवढा बेताचा, की थोडी काजळी, थोडा घट्ट झालेला वंगणाचा थर किंवा सैल मनगट, यांतलं काहीही त्यातला वाटा खाऊ शकतं.

त्यामुळे ‘काडतुसं खराब आहेत’ असं म्हणण्याआधी न पेटलेलं काडतूस हातात घ्या आणि उजेडात पाहा. रिमवरची, म्हणजे काडतुसाच्या बुडाच्या कडेवरची, पिनची खूण खोल आणि स्वच्छ असूनही काडतूस पेटलं नसेल, तर दोष बहुधा काडतुसात आहे. पॉइंट टू-टूमध्ये स्फोटक मिश्रण रिमच्या आत गोल पसरवलेलं असतं, आणि क्वचित एखाद्या जागी ते कमी पडतं. खूण उथळ किंवा रिमच्या अगदी कडेला असेल, तर काडतुसाला दोष देऊ नका. एक तर बोल्ट पूर्ण बंद झालेला नाही, किंवा फायरिंग पिनच्या वाटेत तेल आणि काजळीचा चिखल साचलाय. बोल्ट बंद न होण्याचं नेहमीचं कारण चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, सापडतं. या काडतुसाच्या शिशाला बाहेरून मेणासारखं वंगण असतं. ते मेण, शिसं आणि काजळी मिळून चेंबरच्या पुढच्या टोकाला एक कडक कडं बनवतात. काडतूस तिथे अडतं आणि केसाएवढं बाहेर राहतं. पिनचा अर्धा जोर मग काडतूस पुढे ढकलण्यातच जातो.

साफसफाईत दोन टोकं दिसतात. काही जण महिनोन्‌महिने फक्त नळीतून कापड ओढतात आणि चेंबर, बोल्टचा चेहरा, एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी ओढून काढणाऱ्या) आकड्याखालची खाच यांना हातच लावत नाहीत. अडथळे नेमके तिथूनच येतात; नळी थोडी मळलेली असली तरी पिस्तूल चालतं. जुना टूथब्रश आणि लाकडी टूथपिक यांनी पाच मिनिटांत ही जागा साफ होते. दुसरं टोक तेलाचं. पावसाळ्यात कोल्हापूर, रत्नागिरीकडे गंजाची भीती खरीच आहे, पण म्हणून पिस्तूल तेलात भिजवायचं नसतं. जादा तेल फायरिंग पिनच्या भोकात उतरतं, काजळी धरून ठेवतं आणि थंड सकाळी घट्ट होतं. सरकत्या भागांवर एखादा थेंब पुरे, बाकी तेलाच्या कापडाने पुसून काढा.

मॅगझिनकडे मात्र कुणी पाहतच नाही. प्रत्येक मॅगझिनवर मार्करने आकडा टाका आणि अडथळा आला की कोणत्या आकड्याला आला ते डायरीत लिहा. दर वेळी दोन नंबरचंच अडकत असेल, तर पिस्तूल उघडून बसण्यात अर्थ नाही. त्या मॅगझिनच्या वरच्या कडा वाकल्यात किंवा स्प्रिंग थकलीय. एकदा सिमेंटच्या फरशीवर पडलं, तरी कडा हलू शकतात. भरतानाही लक्ष हवं. काडतुसाला रिम असते. वरच्याची रिम खालच्याच्या रिमच्या पुढे बसली पाहिजे. मागे राहिली, तर बोल्ट वरचं काडतूस ढकलताना ते खालच्यात अडकतं.

पुंगळी वारंवार उभी अडकत असेल तर मनगट तपासा. थकलेल्या हातात पिस्तूलच मागे जातं, बोल्टला पूर्ण मागे जायला आधार मिळत नाही. सरावाच्या शेवटी शेवटीच हे होतं का, डायरीत लगेच दिसेल. काडतूस बदललं की आधी सरावात पन्नासेक गोळ्या मारून बघा. स्प्रिंग ठरावीक ताकदीच्या काडतुसासाठी असते. जास्त वेगाचं काडतूस वापरून अडथळा घालवायचा उपाय कुणी सांगितला तर ऐकू नका, बोल्ट आणि फ्रेम ठोकली जाते. तसंच, पिस्तुलाला ड्राय-फायरची सोय नसेल तर रिकामा ट्रिगर दाबू नका. पिन थेट चेंबरच्या काठावर आपटते, तिथे खळगा पडतो आणि मग काडतूस आत-बाहेर होताना घासत राहतं.

दोन प्रसंगी गुणांचा विचारही करायचा नाही. ट्रिगर दाबला आणि काहीच झालं नाही, तर काडतूस उशिरा पेटू शकतं. नळी टार्गेटकडेच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबायचं, चेंबरमध्ये डोकावायचं नाही. आणि आवाज नेहमीपेक्षा फुसका आला, धक्का जाणवला नाही, तर गोळी नळीतच अडकली असण्याची शक्यता आहे. त्यावर दुसरी गोळी मारली तर नळी फुगते किंवा फुटते, आणि बोटं आपली असतात. हात वर करा, पिस्तूल रिकामं करून घ्या, नळी आरपार मोकळी असल्याचं कोचने पाहिल्याशिवाय पुढची गोळी नाही.

२०१८ च्या आशियाई स्पर्धेत राही सरनोबतने याच प्रकारात सुवर्ण जिंकलं, तेव्हा अंतिम फेरी ३४-३४ अशी बरोबरीत होती आणि निकाल दोन शूट-ऑफनंतर (बरोबरी फोडण्याच्या जादा फेऱ्यांनंतर) लागला. एकेका गोळीला एवढी किंमत असल्यामुळे पिस्तूल ‘थोडं सुधारून’ घ्यायचा मोह अनेकांना होतो. एक्स्ट्रॅक्टरला कानस, सिअरला (ट्रिगर दाबेपर्यंत हातोडी अडवून धरणाऱ्या तुकड्याला) पॉलिश, स्प्रिंगचं एक वेटोळं कापणं, असले प्रयोग घरी करू नका. सिअर बिघडला तर एका ट्रिगरला दोन गोळ्या सुटू शकतात, शिवाय ट्रिगरचं वजन १००० ग्रॅमच्या खाली गेलं तर तपासणीतच बाद व्हाल. शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार शस्त्रदुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो. त्यामुळे ओळखीचा लेथवाला कितीही हुशार असला, तरी पिस्तूल त्याच्याकडे न्यायचं नाही. परवानाधारक आर्मररकडेच (शस्त्र दुरुस्त करणाऱ्याकडेच) द्यायचं, आणि देताना ती डायरी आणि अडकलेल्या पुंगळ्या सोबत न्यायच्या.